यादीतील ब्रह्मदेव आणि शिळेवरील ब्रह्मदेव : रतनपूर-रायपूरच्या हैहय वंशावळीचे वाचन

रायपूर नगरीच्या पूर्वेतिहासाचा विचार करताना ब्रह्मदेव या राजाचे नाव टाळता येत नाही. परंतु हा ब्रह्मदेव कोणत्या काळातला, या साध्या प्रश्नाला दोन उत्तरे मिळतात आणि त्या दोहोंत सुमारे साडेसहाशे वर्षांचे अंतर पडते. रतनपूरच्या हैहयवंशी राजांची जी वंशावळ परंपरेने चालत आली आणि एकोणिसाव्या शतकात इंग्रजी गॅझेटिअरांतून नोंदली गेली, तिच्याप्रमाणे विसावा राजा सूरदेव याच्या कारकिर्दीत, म्हणजे इ. स. ७५० च्या सुमारास, राज्याचे दोन भाग झाले. सूरदेव रतनपुरास राहिला आणि त्याचा धाकटा भाऊ ब्रह्मदेव रायपुरास जाऊन दक्षिणेकडील भागावर राज्य करू लागला. उलट रायपूर येथेच मिळालेल्या शिलालेखातील ब्रह्मदेव विक्रम संवत् १४५८ मधला, म्हणजे पंधराव्या शतकाच्या अगदी आरंभीचा आहे. नाव एक, नगर एक. काळ मात्र दोन.

अशा वेळी शिळा खरी आणि यादी खोटी, असा निवाडा करून मोकळे होणे सोपे असते. कालनिर्णयापुरता तो निवाडा योग्यही आहे. आठव्या शतकात रतनपूर-रायपूर परिसरात हैहयांचे राज्य असल्याचा कोणताही समकालीन लेख उपलब्ध नाही. त्याच्या आगेमागे दक्षिण कोसलात श्रीपूरच्या, म्हणजे आजच्या सिरपूरच्या, पांडुवंशीयांचे वैभव नांदत होते. तथापि वाङ्मयाच्या अभ्यासकाचे काम एवढ्याने संपत नाही. राजांची यादी ही देखील एक रचना असते. तिला आरंभ असतो, क्रम असतो, संख्यांचे संकेत असतात आणि कोणाला घ्यावे व कोणाला वगळावे याचे निश्चित धोरण असते. पौराणिक राजे जेथे ऐतिहासिक राजांना जोडले जातात, तो सांधा हे या रचनेचे मर्मस्थान होय. रतनपूरच्या वंशावळीतील हा सांधा नेमका कोठे आहे, तो केव्हा बसविला गेला आणि कशासाठी, याचा विचार येथे करावयाचा आहे. त्यासाठी आरंभी या प्रकारच्या रचनेच्या सर्वांत जुन्या व सर्वाधिक अभ्यासल्या गेलेल्या नमुन्याकडे, सुमेर देशाच्या राजावलीकडे, वळणे उपयुक्त ठरेल.

सुमेरी राजावलीच्या पंधराहून अधिक लहानमोठ्या प्रती मातीच्या विटांवर मिळाल्या आहेत. त्यांतील सर्वांत परिपूर्ण प्रत चौकोनी स्तंभाच्या आकाराची असून ती ऑक्सफर्डच्या अ‍ॅशमोलियन संग्रहालयात आहे. वेल्ड-ब्लंडेल संग्रहातील ही प्रत स्टीफन लँग्डन यांनी १९२३ मध्ये प्रसिद्ध केली आणि १९३९ मध्ये थॉर्किल्ड याकोबसेन यांनी सर्व उपलब्ध प्रतींवरून राजावलीची चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली. तिचा आरंभ राजपद स्वर्गातून खाली उतरल्याच्या घटनेने होतो. जलप्रलयापूर्वी पाच नगरांत मिळून आठ राजांनी २,४१,२०० वर्षे राज्य केले, असा हिशेब ती देते. पहिला राजा अलुलिम याच्याच वाट्याला २८,८०० वर्षे आली आहेत. प्रलयानंतर राजपद किश नगरात उतरते आणि पुढे शस्त्रबळाने एका नगराकडून दुसऱ्याकडे जात राहते. हळूहळू कारकिर्दींची लांबी मानवी मापात येते आणि यादी अखेर इसिन नगराच्या सिन-मागिर या राजापाशी, म्हणजे इ. स. पूर्व १८०० च्या जरा आधी, येऊन थांबते.

या यादीतील राजांची पौराणिक व ऐतिहासिक अशी दोन कप्प्यांत विभागणी करणे वाटते तितके सोपे नाही, हे उत्खननांनी दाखवून दिले. किशचा एन्मेबारागेसी हा राजा यादीप्रमाणे ९०० वर्षे राज्य करतो. साहजिकच त्याची गणना कल्पित राजांत होत असे. परंतु त्याच्या नावाचा कोरीव लेख असलेल्या दगडी भांड्याचा तुकडा बगदादच्या संग्रहालयात असल्याचे १९५९ मध्ये एड्झार्ड यांनी दाखवून दिले आणि तो राजा इतिहासाच्या कक्षेत आला. म्हणजे कारकीर्द अशक्य कोटीतली असली तरी राजा खरा असू शकतो. याच्या उलट, खरा असूनही यादीत नसलेला राजा म्हणजे उर नगरचा आ-आन्नेपाद्दा. मेसान्नेपाद्दाचा पुत्र म्हणून त्याचा स्वतःचा लेख उबैद येथील मंदिराच्या अवशेषांत सापडला. राजावलीत मात्र त्याला स्थान नाही. मेसान्नेपाद्दाला यादी ८० वर्षे देते, त्यांत बापलेकांच्या कारकिर्दी एकत्र झाल्या असाव्यात, असा तर्क केला जातो.

रतनपूरच्या परंपरेकडे आता वळता येईल. रतनपूर हे आज बिलासपूर जिल्ह्यातील लहानसे गाव असले तरी स्थानिक समजुतीप्रमाणे ती चारही युगांतली राजधानी आहे. सत्ययुगात ती मणिपूर, त्रेतायुगात माणिकपूर, द्वापरात हिरापूर आणि कलियुगात रतनपूर या नावाने ओळखली गेली, असे सांगतात. द्वापरातील राजा मयूरध्वज, ज्याला छत्तीसगढी बोलीत मोरध्वज म्हणतात, तो याच नगरीचा मानला जातो. त्याच्या दानशीलतेची परीक्षा पाहण्यासाठी श्रीकृष्ण आले आणि करवतीने देह चिरून देण्याची मागणी झाली, ही जैमिनी अश्वमेधातून सर्वत्र पसरलेली कथा येथे रतनपूरशी जोडली गेली आहे. रायपूरजवळचे आरंग हे गावही त्याच कथेवर हक्क सांगते. गावाचे नाव आरा, म्हणजे करवत, या शब्दावरून पडले अशी तेथील व्युत्पत्ती आहे. या युगायुगांच्या राजांमागोमाग सूरदेव, ब्रह्मदेव, पृथ्वीदेव अशी देवान्त नावे येतात, त्यानंतर कल्याणसाय, लक्ष्मणसाय अशी सायान्त नावे आणि अखेर राजसिंह, सरदारसिंह, रघुनाथसिंह अशी सिंहान्त नावे. या सर्व परंपरेला ग्रंथरूप देण्याचे मोठे श्रेय रतनपूरचे कायस्थ पंडित बाबू रेवाराम यांना जाते. त्यांची ‘तवारीख श्री हैहयवंशी राजाओं की’ ही हिंदी कृती १८५८ ची आहे.

या यादीची दुसरी बाजू म्हणजे शिलालेख व ताम्रपट. यांच्या अभ्यासाशी मराठी वाचकाचा विशेष संबंध आहे, कारण कलचुरींच्या लेखांचे साक्षेपी संकलन नागपूरचे महामहोपाध्याय वासुदेव विष्णु मिराशी यांनी केले. भारतीय लेखसंग्रहाच्या प्रसिद्ध मालिकेचा चौथा खंड, दोन भागांत, १९५५ साली त्यांच्या संपादनाने निघाला. त्याच्या आधी रायबहादूर हिरालाल यांनी मध्यप्रांत व वऱ्हाडातील लेखांची वर्णनात्मक सूची १९१६ मध्ये सिद्ध केली होती. या दोन ग्रंथांच्या आधारे रतनपूर शाखेचा कोरीव लेखांतील वंशक्रम बराचसा निश्चित झाला आहे.

त्या क्रमाचा सारांश असा. पृथ्वीदेव पहिला याचा आमोदा येथील ताम्रपट कलचुरी संवत् ८३१ चा, म्हणजे इ. स. १०७९ चा आहे. त्यात हा राजा स्वतःला कोसलातील एकवीस हजार गावांचा स्वामी म्हणवितो. त्याचा पुत्र जाजल्लदेव पहिला याचा रतनपूर शिलालेख कलचुरी संवत् ८६६ चा, म्हणजे इ. स. १११४ चा. या लेखाप्रमाणे त्रिपुरीच्या कोकल्ल राजाला अठरा पुत्र होते. त्यांतील ज्येष्ठ त्रिपुरीचा अधिपती झाला आणि त्याने इतर भावांना आसपासची मंडले वाटून दिली. त्या धाकट्यांपैकी एकाच्या वंशात कलिंगराज झाला. त्याने दक्षिण कोसल जिंकून तुम्माण येथे ठाणे दिले. त्याचा पुत्र कमलराज आणि कमलराजाचा पुत्र रत्नराज. या रत्नराजाने रत्नपूर, म्हणजेच रतनपूर, वसविले आणि कोमो मंडलाच्या वज्जूक नावाच्या अधिपतीची कन्या नोनल्ला हिच्याशी विवाह केला. त्यांचा पुत्र पृथ्वीदेव आणि त्याचा पुत्र जाजल्लदेव. राजिमच्या राजीवलोचन मंदिरातील जगपालाचा लेख कलचुरी संवत् ८९६ चा, म्हणजे इ. स. ११४५ चा असून तो या घराण्याच्या पुढील पिढीचा, दुसऱ्या पृथ्वीदेवाच्या राजवटीचा, निर्देश करतो.

येथे पहिली महत्त्वाची गोष्ट हाती लागते. रतनपूरचा संस्थापक शिलालेखानुसार अकराव्या शतकातला रत्नराज आहे. चार युगांची राजधानी ही कल्पना बाराव्या शतकातील राजकवीला ठाऊक नव्हती, किंवा ठाऊक असली तरी तिची गरज वाटली नव्हती. नगर आपल्या स्वामीच्या आजोबाने वसविले, यातच त्याला गौरव वाटत होता.

परंतु शिलालेखही पुराणापासून मुक्त नाहीत. आमोद्याच्या ताम्रपटात वंशाचा आरंभ सूर्यपुत्र मनूपासून होतो आणि सहस्रबाहू कार्तवीर्याचे स्मरण करून लेख हैहय वंशात जन्मलेल्या कोकल्लाकडे येतो. कार्तवीर्य अर्जुन म्हणजे माहिष्मतीचा तो पौराणिक सम्राट, ज्याने पंच्याऐंशी हजार वर्षे राज्य केले असे पुराणे सांगतात आणि ज्याचा अंत परशुरामाच्या हातून झाला. अलुलिमची २८,८०० वर्षे वाचून ज्यांना आश्चर्य वाटते, त्यांना आपल्याकडील हा आकडा आठवावयास हरकत नाही. मराठी वाचकाला याच घडणीचा दुसरा नमुना परिचित आहे. हेमाद्रीच्या ‘व्रतखंडा’तील यादवांची राजप्रशस्ती चंद्रापासून निघून पुराणांतील यदुवंशाच्या पायऱ्या उतरत दृढप्रहारापर्यंत आणि तेथून देवगिरीच्या ऐतिहासिक यादवांपर्यंत पोचते.

आमोद्याचा सांधा मात्र हेमाद्रीच्या सांध्याहून वेगळा आहे. कार्तवीर्य आणि कोकल्ल यांच्यामध्ये ताम्रपटाच्या कवीने अवकाश मोकळाच ठेवला आहे. कार्तवीर्याच्या वंशजांना हैहय म्हणतात आणि त्या हैहयांत कोकल्ल झाला, एवढेच सांगून तो पुढे जातो. मधल्या पिढ्या भरून काढण्याची त्याला निकड वाटत नाही. ही निकड पुढच्या काळात निर्माण झाली. रतनपूरच्या वंशावळीत जे युगायुगांचे राजे दिसतात, ते या मोकळ्या जागेत येऊन बसलेले आहेत. मयूरध्वजाला कलचुरींच्या ज्ञात लेखांत या वंशाचा पूर्वज म्हटलेले नाही. तो आला तो जैमिनी अश्वमेधाच्या लोकप्रियतेबरोबर, कथाकीर्तनाच्या वाटेने.

सुमेरी राजावलीच्या बाबतीत अगदी हीच प्रक्रिया घडल्याचा पुरावा अलीकडे उपलब्ध झाला आहे. उर नगरच्या तिसऱ्या राजवंशातील शुल्गी राजाच्या काळची एक जुनी प्रत स्टाइनकेलर यांनी २००३ मध्ये प्रसिद्ध केली. तीत जलप्रलयापूर्वीच्या आठ राजांचा पत्ताच नाही; राजपद स्वर्गातून उतरते ते सरळ किश नगरात. म्हणजे परिपूर्ण प्रतीच्या आरंभी असलेले प्रलयपूर्व राजे हे रचनेत सर्वांत शेवटी आलेले आहेत. वंशावळींच्या वाचनात हे सूत्र सतत ध्यानी ठेवावे लागते : यादीच्या माथ्यावरचे राजे हे पुष्कळदा तिच्यात सर्वांत अलीकडे शिरलेले राजे असतात. इमारत पायापासून वर चढते. वंशावळ शेंड्यापासून मुळाकडे वाढत जाते.

दुसरा प्रश्न संख्यांचा. सुमेरी यादीतील प्रलयपूर्व कारकिर्दी बव्हंशी ३,६०० या संख्येच्या पटीत आहेत, कारण त्या संस्कृतीची गणना साठ या पायावर उभी होती आणि साठ गुणिले साठ हा तिचा पूर्णांक होता. ते आकडे काळ मोजत नाहीत. पूर्णत्व आणि प्राचीनत्व सुचवितात. रतनपूर-रायपूरच्या परंपरेत हेच कार्य अठरा ही संख्या करते. कोकल्लाचे पुत्र अठरा. खल्लारीच्या शिलालेखात ब्रह्मदेवाचा आजोबा सिंहण याने शत्रूचे अठरा गड जिंकल्याचे म्हटले आहे. पुढे कल्याणसायच्या जमाबंदीच्या वहीत रतनपूरकडचे अठरा आणि रायपूरकडचे अठरा अशा गडांची गणना होती, असे बिलासपूरचे बंदोबस्त अधिकारी चिझम यांनी १८६८ च्या अहवालात नोंदविले. छत्तीसगढ या नावाची सर्वाधिक प्रचलित उपपत्ती या छत्तीस गडांवरच उभी आहे. अठरा पुराणे, अठरा पर्वे, अठरा दिवसांचे युद्ध यांच्याशी परिचित असलेल्या समाजात ही संख्या अखंडतेची खूण होती. म्हणून अठरा पुत्र मोजून पाहण्यात अर्थ नाही. त्याच वेळी अठरा गड निव्वळ कल्पित होत असेही म्हणता येत नाही, कारण गढ हा या प्रदेशात महसुली कारभाराचा प्रत्यक्ष घटक होता. संकेत आणि वस्तुस्थिती येथे एकाच आकड्यात नांदतात.

तिसरा प्रश्न कालक्रमाचा. आणि येथेच ब्रह्मदेवाचे कोडे पुन्हा समोर येते. रायपूरचा शिलालेख हाटकेश्वराच्या मंदिराच्या बांधणीसंबंधी आहे आणि नायक हाजिराज याने ते मंदिर उभारल्याचे तो सांगतो. खारून नदीच्या काठी महादेवघाटावर हाटकेश्वर महादेवाचे मंदिर आजही पूजेत आहे. लेखात लक्ष्मीदेव, सिंह किंवा सिंहण, रामचंद्र आणि ब्रह्मदेव असा चार पिढ्यांचा क्रम येतो. खल्लारीचा लेख विक्रम संवत् १४७० चा, म्हणजे इ. स. १४१५ च्या सुमाराचा असून त्यातील हरिब्रह्मदेव हा तोच राजा होय. दोन गावे, दोन लेख, वंशक्रम जुळणारा : ब्रह्मदेवाचा काळ याहून निश्चित होणे कठीण.

मग परंपरेने त्याला आठव्या शतकात का नेऊन बसविले? एक कारण संवताचे असू शकते. कलचुरी संवत् हा इ. स. २४८-४९ पासून मोजला जातो. त्याचा आरंभबिंदू निश्चित करण्याचे काम एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कीलहॉर्न आदी संशोधकांनी केले. तत्पूर्वी रतनपूरच्या दगडांवरील संवत् वाचणाऱ्याने तो विक्रम संवत् समजून घेतला, तर प्रत्येक राजा ३०५ वर्षे मागे सरकणार. जाजल्लदेवाचे ८६६ हे वर्ष विक्रम संवत् मानले की तो इ. स. १११४ ऐवजी ८०९ मध्ये जाऊन बसतो. परंतु रायपूरच्या लेखात विक्रम संवत् असल्याने ब्रह्मदेवाचे स्थलांतर एवढ्याने उलगडत नाही. त्यामागे दुसरे, अधिक खोल कारण आहे. दोन शाखांचे नाते भावाभावांचे होते, एवढी आठवण परंपरेने जपली. आणि भावाभावांची वाटणी कोठेतरी आरंभीच झाली असली पाहिजे, या तर्काने तिला वंशावळीच्या वरच्या भागात नेले. त्यामुळे रायपूरसाठी मधली कित्येक शतके भरणे आले. ब्रह्मदेवाचा वंश नऊ पिढ्यांनी खुंटला आणि इ. स. १३६० च्या सुमारास रतनपूरहून देवनाथसिंह नावाचा राजपुत्र येऊन त्याने रायपूरची गादी पुन्हा चालविली, असे परंपरा सांगते. म्हणजे शाखा एकदा फुटल्याची आठवण यादीत दोनदा आली आहे : एकदा आठव्या शतकात ब्रह्मदेवाच्या नावाने आणि एकदा चौदाव्यात देवनाथाच्या नावाने. या दोहोंपैकी दुसरी नोंद शिलालेखांच्या काळाशी जुळते. परंपरेने काळ चुकविला. शाखाभेदाची घटना मात्र हरवू दिली नाही.

समकालीनांना एकामागोमाग उभे करणे किंवा एका घटनेची दोन स्थाने करणे, हा यादीच्या स्वभावातलाच दोष आहे. एका रांगेत सर्वांना बसवावयाचे, तर दोन माणसे एका जागी मावत नाहीत. सुमेरी राजावलीत किशच्या पहिल्या राजवंशाचा शेवटचा राजा अग्गा आणि उरुकचा पाचवा राजा गिल्गमेश यांच्यामध्ये चार दीर्घ कारकिर्दी पडतात. सुमेरी काव्यात मात्र हे दोघे एकमेकांसमोर युद्धाला उभे आहेत. यादीने जे दूर केले ते काव्याने जवळ ठेवले, याची नोंद वाङ्मयाच्या अभ्यासकाने अवश्य घ्यावी.

ऐतिहासिक मानल्या गेलेल्या भागातही यादी पूर्ण विश्वासार्ह होते असे नाही. कल्याणसायची पारंपरिक कारकीर्द इ. स. १५३६ ते १५७३ अशी दिली जाते. तो मोगल दरबारी जाऊन आठ वर्षे राहिला, अशी आख्यायिका आहे. जहांगीरच्या आत्मवृत्तात मात्र इ. स. १६१९ च्या सुमारास शाहजादा परवेझच्या मध्यस्थीने रतनपूरचा जमीनदार कल्याण दरबारी रुजू झाल्याची नोंद येते. येथेही घटना खरी, काळ मात्र अर्धशतकाने सरकलेला. ब्रह्मदेवाच्या बाबतीत जे साडेसहा शतकांनी झाले, तेच येथे लहान प्रमाणावर झाले आहे.

यावरून प्रयोजनाच्या प्रश्नाकडे येता येते. वंशावळ प्रत्येक पिढीत सांगितली जाते, पण ती लिहून बंद कोणत्या क्षणी केली जाते? सुमेरी राजावलीला अंतिम रूप आले ते इसिनच्या राजवटीत. उर नगरचे साम्राज्य इ. स. पूर्व २००४ च्या सुमारास कोसळले होते आणि त्याचा वारसा आपलाच, असे इसिनच्या राजांना सिद्ध करावयाचे होते. राजपद एका वेळी एकाच नगराचे असते, हे यादीचे गृहीतक त्या दाव्याला सोयीचे होते. त्या गृहीतकासाठी लगशसारखे बलाढ्य नगर यादीतून समूळ वगळले गेले, जरी लगशच्या राजांचे लेख शेकड्यांनी सापडले आहेत. लगशच्या बाजूने कोणीतरी आपली स्वतंत्र यादी रचली, तीही आज उपलब्ध आहे. तिच्यातील अवाढव्य आकडे पाहता राजावलीची थट्टा करण्याचा तिचा हेतू असावा, असे पुष्कळ अभ्यासक मानतात.

रेवारामांचा काळ असाच एका सत्तेच्या समाप्तीनंतरचा आहे. फरक इतकाच की त्यांच्यासमोर वारसा सांगणारा नवा राजा नव्हता. भास्करराम कोल्हटकर यांच्या स्वारीत १७४१ मध्ये रतनपूर पडले आणि वृद्ध रघुनाथसिंहाने नागपूरकर भोसल्यांचे स्वामित्व मान्य केले. रायपूरच्या अमरसिंहाची सत्ता १७५० मध्ये संपली. १७५८ पासून १७८७ पर्यंत बिंबाजी भोसले यांनी रतनपुरात राहून कारभार केला आणि त्या कारभारात मराठी भाषा व मोडी लिपी आली. १८१८ मध्ये इंग्रज अधीक्षक अ‍ॅग्न्यू यांनी मुख्य ठाणे रतनपूरहून रायपुरास हलविले आणि चार युगांची म्हणविली जाणारी राजधानी एका बाजूस पडली. १८५४ मध्ये नागपूरचे राज्यही खालसा झाले. १८५७ च्या डिसेंबरात सोनाखानचे जमीनदार नारायणसिंह यांना रायपुरात फाशी देण्यात आली. त्याच्या पुढच्याच वर्षी रतनपूरचा एक कायस्थ हैहय राजांची तवारीख लिहून काढतो, ही गोष्ट सहज घडलेली नाही. जी गादी शंभर वर्षांपूर्वी गेली आणि जे नगर चाळीस वर्षांपूर्वी ठाण्याच्या मानालाही मुकले, त्याचे स्थान कागदावर तरी अढळ राहावे, असे त्याला वाटले असेल तर ते स्वाभाविक आहे. चार युगांचा पट हा त्या नगराच्या दुःखाच्या प्रमाणात लांब झालेला आहे.

आणि या कागदी परंपरेला लवकरच सरकारी वजन आले. चिझम यांचा १८६८ चा अहवाल आणि ग्रँट यांचे १८७० चे मध्यप्रांताचे गॅझेटिअर यांनी रतनपूरची वंशावळ सनांसह छापली. मौखिक परंपरेत राजाच्या नावाला इसवी सनाचा आकडा चिकटलेला नसतो. छापील पानावर तो चिकटतो आणि मग उखडता उखडत नाही. ब्रह्मदेवाचे ‘इ. स. ७५०’ हे असे छापखान्यातून पक्के झालेले वर्ष आहे. त्याचा दोष एकट्या परंपरेच्या माथी मारणे न्यायाचे होणार नाही.

वगळलेल्यांचा विचार केल्याखेरीज हे विवेचन पूर्ण होत नाही. सुमेरी राजावलीत कूबाबा नावाची एक स्त्री आहे. ती मद्य विकण्याचा व्यवसाय करीत होती आणि तिने किश नगरावर शंभर वर्षे राज्य केले, असे यादी सांगते. धनगर, कोळी असे धंदे करणारेही त्या यादीत राजे आहेत. रतनपूरच्या वंशावळीत अशांना जागा नाही. ती उणीव शिळा भरून काढते. खल्लारीचे नारायणाचे मंदिर ज्याने बांधविले तो देवपाल जातीने मोची होता, हे त्याच शिलालेखात स्पष्ट लिहिले आहे. आणि हरिब्रह्मदेवाच्या वंशवर्णनाबरोबरच देवपालाच्या वाडवडिलांची नावेही तेथे कोरली आहेत. पंधराव्या शतकात एका चर्मकाराची वंशावळ राजाच्या वंशावळीशेजारी, संस्कृत श्लोकांत, देवळाच्या भिंतीवर बसते, ही भारतीय वंशावळी वाङ्मयातील असाधारण घटना आहे. यादीवरच विसंबलेल्या वाचकाला ती कधीच कळली नसती.

आरंगचे उदाहरणही येथे आठवावे. लोकपरंपरेला तेथे मोरध्वज दिसतो. त्याच आरंगला मिळालेला भीमसेन दुसरा याचा ताम्रपट शूर नावाच्या राजापासून सहा पिढ्यांचे एक घराणे सांगतो. गुप्त संवताचा आकडा काहींनी १८२ तर काहींनी २८२ असा वाचला असला, तरी पाचव्या-सहाव्या शतकांतील या राजकुलाचे अस्तित्व त्यामुळे निःसंशय ठरते. ह्या सहा राजांपैकी एकाचेही नाव लोकांच्या तोंडी उरले नाही. जे राजे होते ते विसरले गेले आणि ज्याचा काही पुरावा नाही तो मोरध्वज गावाच्या नावात शिल्लक राहिला. दान देणाऱ्या राजाची गोष्ट सांगण्याजोगी असते; भूमिदानाच्या ताम्रपटातील राजाची गोष्ट कोणी रचली नाही.

तात्पर्य, रतनपूर-रायपूरच्या वंशावळीकडून सनावळीची अपेक्षा करू नये. त्यासाठी मिराशी आणि हिरालाल यांनी वाचलेले दगड व ताम्रपट आहेत. वंशावळीला विचारावयाचे प्रश्न निराळे आहेत : कोणती जागा आधी मोकळी होती आणि ती केव्हा भरली गेली, कोणती संख्या मोजणीची आणि कोणती संकेताची, कोणती घटना दोनदा आली आणि कोणते नाव मुळीच आले नाही. हे प्रश्न विचारले की इ. स. ७५० चा ब्रह्मदेव निरर्थक राहत नाही. रतनपूर आणि रायपूर ही एकाच घराची दोन अंगे होती, ही आठवण त्याच्या रूपाने शिल्लक राहिली. १४०२ च्या आसपासचा ब्रह्मदेव राज्य करून गेला आणि महादेवघाटाच्या शिळेने त्याचे नाव जपले. छत्तीसगढच्या वाङ्मयेतिहासात या दोन्ही ब्रह्मदेवांची नोंद स्वतंत्रपणे, आपापल्या काळाखाली, करावी लागेल : एकाची पंधराव्या शतकात आणि दुसऱ्याची एकोणिसाव्या शतकात.